समुपदेशनात अध्यात्म: किती, कधी आणि कुणाचं?

ओवी (धागाकर्ती)

समुपदेशनाच्या पदविका वर्गांत 'श्रद्धा हा क्लायंटचा खाजगी विषय, तिथे शिरू नका' एवढं एका वाक्यात सांगून पुढचा धडा सुरू होतो. प्रत्यक्ष खोलीत मात्र पहिल्याच भेटीत साडेसाती निघते, कुलदेवतेचा राहून गेलेला नवस निघतो, 'मागच्या जन्मीचं भोगतोय' निघतं. अशा वेळी गप्प बसलं की आपण तटस्थ राहिलो, हे मला पटत नाही. ज्याचा दिवस काकडआरतीनं उजाडतो आणि हरिपाठानं मावळतो, त्याच्याशी झोप, भूक, नोकरी, लग्न सगळं बोलायचं आणि नेमकं हेच वगळायचं, तर अर्धा माणूस खोलीबाहेरच राहतो.

माझं मत असं, की अध्यात्म समुपदेशनात जरूर यावं, पण ते क्लायंटचं असावं. समुपदेशकानं स्वतःचं आणू नये. या क्षेत्रातल्या जाणकारांकडून तपशील हवेत. विचारायचं कसं? कुठल्या आजारात कुठली साधना अंगाशी येते? आणि 'नामस्मरणानं बरं वाटतंय, गोळ्या सोडू का?' याला काय उत्तर द्यावं?

चांदणचुरा

चांगला धागा. विचारण्यापुरतं लिहिते.

अमेरिकेतल्या क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांनी १९९६ मध्ये 'फिका' नावाची छोटी प्रश्नावली तयार केली. चार गोष्टी विचारायच्या: श्रद्धा काय आहे, तिचं आयुष्यात वजन किती, सोबत कुठली मंडळी आहेत, आणि उपचारात हे आम्ही कसं लक्षात घ्यावं. मराठीत विचारताना 'तुम्ही देव मानता का?' अशी सुरुवात करू नये. त्याचं उत्तर लोक परीक्षेला बसल्यासारखं देतात, कारण 'नाही' म्हणायला संकोच वाटतो. त्याऐवजी 'अडचणीच्या काळात तुम्हाला कशाचा आधार वाटतो?' असं विचारावं. मग कुणी विठ्ठल म्हणतं, कुणी नमाज, कुणी सह्याद्रीतली भटकंती, कुणी 'आईचा फोन'. सगळी उत्तरं ग्राह्य.

जागा: पहिल्या भेटीत, झोप-भूक-घर विचारून झाल्यावर. पाच-सात मिनिटं पुरतात. उत्तर क्लायंटच्याच शब्दांत फाइलमध्ये लिहावं. 'देवानं तोंड फिरवलंय' असं ते म्हणाले, तर 'धार्मिक नैराश्य' असं भाषांतर करून लिहू नये. पुढच्या भेटीत तेच शब्द वापरून बोलता येतं.

एक भर मात्र मी आवर्जून घालेन. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी धार्मिक आधाराचे दोन प्रकार मांडले. एकात देव सोबतीला असतो, दुसऱ्यात देव शिक्षा करतोय किंवा सोडून गेलाय असं वाटतं. त्यांची १४ विधानांची छोटी मापनपट्टी आहे, सात या बाजूची, सात त्या. दुसऱ्या प्रकारचं नातं असलेल्या माणसाला 'श्रद्धा ठेवा' सांगणं म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याच दारात त्याला पुन्हा ढकलणं. म्हणून 'देवाचा राग येतो का? भीती वाटते का?' हेही विचारावं. पुष्कळदा हा प्रश्न त्यांना आजवर कुणीच विचारलेला नसतो.

रोकठोक

ओवीताई, हेतू चांगला आहे पण माझा विरोध नोंदवतो. आपल्याकडे मनोविकाराचा पेशंट मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचण्याआधी दोन-तीन मांत्रिक, एखादा दर्गा, एखादं 'बाहेरचं बघणारं' ठिकाण फिरून आलेला असतो. स्किझोफ्रेनियात उपचारांविना गेलेला काळ जितका लांबतो तितकं पुढचं बरं होणं अवघड होतं. अशा समाजात समुपदेशकानंच खोलीत देवाचा विषय काढला, की घरच्यांना वाटतं, बघा, मॅडमसुद्धा मानतात.

तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना बांधणारेही श्रद्धाळूच होते. हे विसरून चालणार नाही.

जाईजुई

वाचतेय. दोन्ही बाजू पटताहेत.

पाणवठा

मानसोपचाराच्या बाजूनं लिहितो. रोकठोक यांची काळजी रास्त आहे, पण विषय न काढल्यानं मांत्रिक थांबत नाही, फक्त आपल्याला कळत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालतो. दर्ग्याच्या आवारातच मनोविकाराचे डॉक्टर बसतात आणि मुजावर लोकांना त्यांच्याकडे पाठवतात. माणूस जिथे आधीच जातो तिथे उपचार नेले, म्हणून ते जमलं.

आता ओवी यांचा दुसरा प्रश्न.

नैराश्यात आनंद वाटण्याची क्षमताच मंदावते. मग पूजेतही मन लागत नाही, अभंग कानावरून जातात, डोळे भरून येत नाहीत. भाविक माणूस याचा अर्थ 'माझी भक्ती आटली, मी पापी' असा लावतो. हे लक्षण आहे, आणि ते लक्षण म्हणूनच समजावून सांगायला हवं: 'जेवणाची चव गेली, सिनेमातला रस गेला, त्याच कारणानं पूजेतलाही गेलाय. आजार उतरला की तो परत येतो.' एवढ्या दोन वाक्यांनी अपराधीपणाचा मोठा भार उतरतो. त्याच माणसाला नातेवाईक 'मन करा रे प्रसन्न' ऐकवत असतात. मोडलेल्या पायाला 'चाल' म्हटल्यासारखं आहे ते. तुकोबांचंच 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' अशा वेळी जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात मनाशी झगडणं कबूल केलेलं आहे.

'देवानं आता न्यावं' हे वाक्य म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी नेहमीचं, म्हणून सोडून देऊ नये. स्पष्ट विचारावं: 'स्वतःला संपवण्याचा विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि 'देवानं बोलावलंय, आवाज येतो' असं कुणी म्हणालं तर समुपदेशन तिथेच थांबवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं, तोवर एकटं सोडू नये. रात्रीअपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आता उपास. बायपोलर आजारासाठी (ज्यात उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येतात) लिथियम घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठेवतात. निर्जळी उपास, अळणी व्रत किंवा उन्हातली लांबची चाल यांत शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होतं. मग मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं आणि पातळी विषारी होऊ शकते. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर चालताना पाय दुखले की वाटेतल्या शिबिरात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिळतं. या गोळ्यांनीही लिथियमची पातळी चढते. वेदनेला पॅरासिटामॉल चालतं, पण 'मी लिथियम घेतो' हे शिबिरातल्या डॉक्टरला आधी सांगायचं. हातांची जाड थरथर, उलट्या-जुलाब, बोलणं अडखळणं, चालताना तोल जाणं, यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठायचं. वारीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. निघण्याआधी रक्ततपासणी, सोबत पाणी आणि मीठ-साखर, आणि आजार माहीत असलेला एक माणूस दिंडीत बरोबर.

बायपोलरमध्ये जागरण हा आणखी मोठा धोका. सलग दोन-तीन रात्री सप्ताहात जागला की उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. कीर्तन दहापर्यंत ऐकावं आणि झोपायला घरी यावं.

चांदणचुरा

पाणवठा, लिथियमची माहिती अशीच वेगळी लेखरूपात टाका ना, खूप जणांच्या उपयोगी पडेल. ध्यानाबद्दलही लिहाल का? हल्ली सरसकट 'मेडिटेशन करा' सांगतात.

पाणवठा

थोडक्यात. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा आहे, आठवड्याला साधारण अडीच तास आणि रोज घरी सराव. त्यावरून पुढे नैराश्यासाठी जी पद्धत बांधली, ती मुळात पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांना, बरं असताना, पुढचा झटका टळावा म्हणून द्यायची होती. ऐन तीव्र नैराश्यात माणसाला अर्धा तास डोळे मिटून बसवलं तर तो अर्धा तास स्वतःला दोषच देत बसतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या ठिकाणचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ही फार वेगळ्या ताकदीची गोष्ट आहे: पहाटे चारला उठणं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, मौन. अर्जात मानसिक आजार आणि औषधं यांबद्दल विचारतात. लोक ते लपवतात किंवा आधी गोळ्या थांबवून जातात, आणि गडबड तिथे होते. मनोविकृती (भास-भ्रम होणारा आजार) होऊन गेलेली असेल, बायपोलर असेल किंवा मोठा आघात ताजा असेल, तर इतकं तीव्र ध्यान नको. त्यांच्यासाठी डोळे उघडे, पावलं जमिनीला टेकलेली, लक्ष तळव्यांवर किंवा पंख्याच्या आवाजावर, तीन ते पाच मिनिटं. अस्वस्थ वाटलं तर थांबायची मुभा आधीच द्यायची.

हळदीकुंकू

धार्मिक ओसीडीबद्दल (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहणं) कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कारण इथे समुपदेशकाची श्रद्धा किंवा अश्रद्धा दोन्ही आड येतात.

चित्र साधारण असं असतं. माळ ओढताना मध्येच देवाबद्दल अर्वाच्य शब्द मनात येतो. बाई घाबरते, मनातल्या मनात 'क्षमा कर' म्हणते आणि माळ पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरू करते. दहा मिनिटांचा जप तीन तासांवर जातो. घरचे आधी कौतुक करतात, मग चिडतात. श्रद्धाळू समुपदेशक म्हणतो 'अजून मन लावून करा', नास्तिक समुपदेशक म्हणतो 'सोडून द्या ते सगळं'. दोन्ही सल्ले आजाराला खतपाणी घालतात.

उपचार म्हणजे सामना आणि प्रतिसादाला अटकाव. आधी अस्वस्थतेची शिडी करायची, शून्य ते शंभर. तीस-चाळीसच्या पायरीपासून सुरुवात: एकच माळ, एकदाच, विचार आला तरी मणी पुढेच ओढायचा. परत मोजायचं नाही, 'क्षमा कर' म्हणायचं नाही, माळ ठेवून ओट्यापाशी जायचं आणि अस्वस्थता सोबत असू द्यायची. रोज तेच. मग पुढची पायरी, अपूर्ण वाटणारी माळ मुद्दाम तशीच ठेवणं. मूर्तीचा अपमान करायला कधीही सांगू नये, त्याची गरजही नसते. त्या घरातला साधारण भाविक माणूस जे सहज करतो, तिथवर नेलं की पुरे.

हे कुठे फसतं? बाई नवऱ्याला दिवसातून वीसदा विचारते, 'पाप नाही ना लागलं?' आणि तो प्रेमानं वीसदा 'नाही' म्हणतो. हा दिलासा म्हणजेच कर्मकांडाचा भाग. नवऱ्याला वाक्य ठरवून द्यायचं: 'याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय.' गुरुजींची मदत घेता येते, 'आपोआप आलेला विचार पाप आहे का?' हे त्यांच्याकडून ऐकलं की खूप हलकं वाटतं. पण एकदाच. दुसऱ्यांदा गेलं की तोही दिलासाच होतो. औषधं लागलीच तर ओसीडीत नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे, हे आधी सांगून ठेवावं.

निळूभाऊ

हळदीकुंकू, 'साधारण भाविक माणूस जे सहज करतो' हे मापच फार कामाचं आहे. वाचनखूण साठवली.

घाटवाट

नास्तिक क्लायंटचं काय, हा विचार इथे व्हायला हवा. व्यसनमुक्तीत हा प्रश्न रोजचा आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, त्यांच्या बारा पायऱ्यांत 'आपल्याहून मोठी शक्ती' येते, पण देव 'ज्याला जसा उमगेल तसा'. महाराष्ट्रातल्या सभांमध्ये कुणासाठी ती शक्ती दत्त असते, कुणासाठी समोर खुर्च्यांवर बसलेला गट. दोघंही पुढच्या पायरीवर जाऊ शकतात. पायऱ्यांचा गाभा कबुली, भरपाई आणि दुसऱ्या व्यसनीला मदत हा आहे. २०२० सालच्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत या मार्गाला जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले.

तरीही ज्याला ही भाषाच नको, त्याच्यावर ती लादू नये. आल्बर्ट एलिस कट्टर नास्तिक होते, त्यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ पद्धत एपिक्टेटस या स्टोइक विचारवंताच्या बोलण्यावर उभी आहे: घटना माणसाला त्रास देत नाही, तिच्याबद्दलचं त्याचं मत देतं. आपल्याकडे हीच पद्धत वेदान्त आणि संतवाङ्मयाशी जोडून शिकवणारेही आहेत. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी हे त्यातलं ठळक नाव. म्हणजे एकच अवजार दोन्ही हातांना बसतं.

रोकठोक

घाटवाट, मग संतवचनं तरी कशाला हवीत? समर्थांचा श्लोक बघा. 'जनी सर्वसुखी असा कोण आहे' इथवर ठीक. पुढची ओळ: 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले.' ज्या मुलीवर घरातच अत्याचार झाला, तिच्यासमोर हा श्लोक म्हणायचा?

चांदणचुरा

अजिबात नाही. रोकठोक, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिल्या दोन ओळी एकटेपणा कमी करतात, पुढच्या दोन पीडितेच्या माथी दोष मारतात. म्हणून समुपदेशकानं स्वतःहून वचन म्हणूच नये. क्लायंटनं म्हटलं तर विचारावं, 'यातली कुठली ओळ तुम्हाला लागते?' ती जर पूर्वसंचिताची ओळ म्हणाली, तर पुढचं काम तिथेच आहे.

मांडवी

गोव्यातून लिहितेय. इथे 'संगथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेनं नैराश्यासाठी 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' ही पद्धत तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली. प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले समुपदेशक, सहा ते आठ भेटी. गाभा एवढाच, की मन लागण्याची वाट न बघता छोटी कृती आधी करायची, मन मागून येतं. अशा कृतींच्या यादीत भजनी मंडळ, चर्चमधला गायनवृंद, लादाइन (ख्रिस्ती लोकांची सामूहिक प्रार्थना) चपखल बसतात, कारण वेळ ठरलेली असते, माणसं ओळखीची असतात आणि घराबाहेर पडावं लागतं. पण नेमकं लिहायचं. 'देवदर्शन वाढवा' म्हणजे काहीच नाही. 'गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला शेजारच्या काकींबरोबर देवळात, फक्त वीस मिनिटं' ही कृती झाली.

कुशावर्त

शोकाबद्दल एक बारकावा. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, की मुलगा वर्षानुवर्षं 'वडील माझ्यावर नाराज गेले' हे उराशी धरतो. समुपदेशक 'कावळा पक्षी आहे हो' म्हणाला की संवाद संपतो. इथे परंपरेतच सोय आहे. इच्छा पुरी करण्याचा शब्द देतात, थांबतात, आणि नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि विधी पूर्ण मानतात. घाटावर हे झालं होतं का, ते विचारावं. झालेलं असेल तर 'विधीच्या दृष्टीनं काही राहिलं नाही, मग तुमच्या मनात काय राहिलंय?' या प्रश्नावर खरं बोलणं सुरू होतं. बहुतेकदा ते शेवटच्या भांडणापाशी किंवा दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीपाशी येऊन थांबतं. कोविडकाळात ज्यांना अंत्यदर्शनच मिळालं नाही, त्यांच्यासाठी वडिलांना पत्र लिहून ते मोठ्यानं वाचणं हेही करता येतं.

जाईजुई

कुशावर्त, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसेल. धन्यवाद.

अवांतर: अंगात येणं हा आजार धरायचा का?

पाणवठा

जाईजुई, सरसकट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्पष्ट आहे. समाजमान्य विधीत, त्या चौकटीत येऊन जात असेल तर तो विकार नाही. अवेळी, नकोसं असताना, त्रास किंवा अडथळा होईल असं येत असेल तर विकार. बायांच्या बाबतीत आणखी एक विचारावं: अंगात आल्यावर जे बोलतात, ते एरवी बोलायची घरात सोय आहे का?

ओवी (धागाकर्ती)

इतकं भरभरून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. गोळ्यांचा प्रश्न मात्र राहिला.

पाणवठा

हो. आधी गोंधळ का होतो ते बघा. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. घरात त्याच सुमारास एकवीस दिवसांचं व्रत धरलेलं असतं. दोन्ही एकदमच फळतात आणि श्रेय व्रताला जातं. समुपदेशकानं श्रेयावरून वाद घालू नये. मग एके दिवशी गोळी एकदम बंद होते. दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त. घरचे म्हणतात, बाधा परत आली. खरं तर ती गोळी झटक्यात सोडल्याची लक्षणं असतात.

समुपदेशकाचं उत्तर असं असावं: 'जप चालू ठेवा. गोळी कमी करायची का, कधी आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. आपण दोघं मिळून त्यांना विचारू.' पहिल्याच नैराश्यात बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध सुरू ठेवतात आणि मग काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवतात, हेही सांगावं. आणि कागदावर घ्यावं: पुढची तारीख, पूर्वी आजार सुरू होताना दिसलेल्या पहिल्या तीन खुणा, त्या दिसल्या तर कुणाला फोन करायचा. त्या कागदात जपाची वेळही लिहा. मग तो कागद त्यांना आपला वाटतो.

रोकठोक

हे पटलं. कायद्याचीही माहिती जोडतो, समुपदेशकांना ती असावी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं हे सगळं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. त्याच कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना हात लावलेला नाही. म्हणजे ओवीताई शोधताहेत ती सीमारेषा कायद्यानं बऱ्यापैकी आखून दिलेली आहे. मनोरुग्णाला साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही बंदी आहे. आणि त्याच कायद्यानुसार कुणाच्या श्रद्धा समाजाशी जुळत नाहीत एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. हे कलम आम्हा नास्तिकांनाही लागू आहे.

ओवी (धागाकर्ती)

वरच्या प्रतिसादांवरून पहिल्या भेटीसाठी कच्चे प्रश्न केलेत, सुधारणा सुचवा:

अडचणीच्या काळात कशाचा आधार वाटतो? त्यातलं हल्ली काय जमेनासं झालंय? देवाचा, दैवाचा राग किंवा भीती वाटते का? उपास, जागरण, शिबिर, पारायण यांतलं पुढच्या तीन महिन्यांत काही ठरलंय का? आणि यातलं काय डॉक्टरांना सांगितलेलं चालेल?

रोकठोक

एक घाला: 'इलाज म्हणून कुणी बांधलं, मारलं, उपाशी ठेवलं किंवा पैसे मागितले का?'

चांदणचुरा

हा प्रश्न हवाच. मात्र तो नातेवाइकांना बाहेर बसवून, क्लायंट एकटा असताना विचारावा. ज्यानं बांधलं तो बरेचदा शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो.

ओवी (धागाकर्ती)

घेतला. नातेवाईक बाहेर गेल्यावरचा पहिला प्रश्न म्हणून.